पॉलिएस्टर रेझिनमधलं पाणी जातं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुस्तकात पॉलिएस्टर हे संघनन बहुवारिकाचं उदाहरण म्हणून दिलंय आणि संघननात पाणी बाहेर पडतं. पण काकांच्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर टाकलं की अर्ध्या तासात त्याचा दगड होतो, आणि पाण्याचा टिपूसही दिसत नाही. मग चूक कोण, पुस्तक की वर्कशॉप? त्याला जोडून आणखी दोन प्रश्न आहेत: हार्डनर वाढवलं तर माल जास्त कडक होतो का, आणि पावसाळ्यात वरचा थर चिकट का राहतो?

चूक कुणाचीच नाही. एकाच पिंपातल्या मालावर बहुवारिकीकरणाच्या दोन वेगळ्या अभिक्रिया होतात, दोन वेगळ्या जागी, आणि मध्ये कधी कधी दोन-तीन महिने जातात. पाणी निघणारी अभिक्रिया रेझिनच्या कारखान्यात उरकलेली असते. काकांच्या मगात होते ती दुसरी. मी बरीच वर्षं रेझिनच्या रिअ‍ॅक्टरवर काढली आणि आता फायबरवाल्यांच्या तक्रारी निस्तरतो, त्यामुळे दोन्ही टोकं रोजच्या बघण्यातली आहेत. जरा सविस्तर लिहितो.

पॉलिमर (तुमच्या पुस्तकातलं बहुवारिक) म्हणजे छोटे रेणू, म्हणजे मोनोमर, सहसंयुजी बंधांनी जोडून झालेला एक अखंड लांबलचक रेणू. आज हे सहज बोलून जातो, पण १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर यांनी ते मांडलं तेव्हा भल्याभल्यांना पटलं नव्हतं. रबर, सेल्युलोज वगैरे म्हणजे लहान रेणूंच्या गुठळ्या असाव्यात, असंच तेव्हा बरेच जण मानत. श्टाउडिंगरना नोबेल मिळायला १९५३ उजाडलं.

आता कारखान्यात चला. साध्या, जनरल पर्पज रेझिनचं नमुन्यादाखल एक सूत्र घेऊ: १ मोल थॅलिक अनहायड्राइड, १ मोल मलेइक अनहायड्राइड आणि २.२ मोल प्रॉपिलीन ग्लायकॉल. ग्रॅममध्ये अनुक्रमे १४८, ९८ आणि १६७, एकूण ४१३. ग्लायकॉलच्या रेणूला दोन्ही टोकांना ओएच असतो. अनहायड्राइडचं कडं एका ओएचने उघडतं तेव्हा पाणी निघत नाही, पण त्यातून एक अ‍ॅसिड गट मोकळा होतो. तो पुढच्या ओएचला जोडला जाऊन एस्टरचा बंध होताना पाण्याचा एक रेणू सुटतो. म्हणजे दर अनहायड्राइडमागे एक पाणी. दोन मोल अनहायड्राइडमागे ३६ ग्रॅम. याच हिशेबाने रिअ‍ॅक्टरमध्ये १००० किलो माल भरला तर ८० किलोंहून जास्त पाणी बाहेर काढावं लागतं. तुम्ही शोधताय ते पाणी हेच. ते कंडेन्सरखालच्या टाकीत जमतं आणि तिथेच मोजलं जातं.

रिअ‍ॅक्टर १९० ते २२० अंश सेल्सिअसला चालतो. आत हवा नको म्हणून नायट्रोजन सोडलेला असतो. वर कॉलम असतो, आणि ऑपरेटरचा एक डोळा कायम त्या कॉलमच्या माथ्यावरच्या तापमानावर. ते १०० च्या आसपास असेल तर पाणीच निघतंय, काळजी नाही. त्याच्या बरंच वर चढलं तर पाण्याबरोबर ग्लायकॉलही उडतंय, म्हणजे सूत्राचा तोल बिघडतोय. शेवटाकडे पाणी थेंब थेंब येतं. तेव्हा दर तासा-दोन तासांनी सॅम्पल काढायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अ‍ॅसिड व्हॅल्यू (न जोडलेले अ‍ॅसिड गट किती उरले त्याचं माप) काढायची, व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, पाहायची. अ‍ॅसिड व्हॅल्यू खाली येते आणि व्हिस्कॉसिटी वर जाते, आणि या दोन आकड्यांवरून आत साखळ्या किती लांबल्या ते कळतं.

या अभिक्रियेत कोणतंही टोक कोणत्याही टोकाला जोडलं जाऊ शकतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. सुरुवातीला दोन-दोन रेणू जोडले जातात, मग दोनाचे चार, चाराला तीन, असं सगळीकडे एकदम चालू असतं. मोनोमर तर लवकरच संपतो, पण लांब साखळी मात्र शेवटपर्यंत होत नाही. ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीतल्या वॉलेस कॅरोथर्स यांनी याचं सोपं गणित मांडलं. एकूण गटांपैकी किती गट जोडले गेले तो अंश p धरला, तर साखळीची सरासरी लांबी येते १/(१−p). अर्धी अभिक्रिया झाली तर सरासरी २ घटक. ९० टक्के झाली तर १०. ९५ टक्क्यांना २०. ९९ टक्क्यांना १००. परीक्षेत ९५ टक्के म्हणजे पेढे वाटायची वेळ. इथे तेवढ्यावर जेमतेम वीस कड्यांची साखळी हाती लागते, आणि तिचा ना धागा निघतो ना बाटली.

हेही दोन्ही गट समसमान असतील तर. एक बाजू जास्त असेल तर सगळ्या साखळ्यांची टोकं त्याच गटाची होतात आणि जोडायला समोर कुणी उरत नाही. वरच्या सूत्रात ग्लायकॉल १० टक्के जास्त आहे. तेवढ्यानेही अभिक्रिया अगदी पूर्ण झाली तरी सरासरी लांबी २१ च्या पुढे जात नाही. आम्ही हे मुद्दाम करतो, कारण इथे आखूड साखळीच हवी असते. ती लांबली तर रेझिन स्टायरिनमध्ये विरघळूनही मधासारखं घट्ट राहील आणि काचेच्या धाग्यांच्या मॅटमध्ये मुरणारच नाही.

लांब साखळी हवी असेल तर पाणी पिळून काढावं लागतं, कारण ही अभिक्रिया उलटही जाते: पाणी उरलं की एस्टरचा बंध पुन्हा तुटतो. कॅरोथर्स यांच्या चमूची गाडी रेणुभार पाच-सहा हजारांवर अडली होती. १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी कडक निर्वातात शेवटचं पाणीही ओढून काढलं, तेव्हा ती दहा हजारांच्या पुढे गेली आणि त्या मालातून धागा ओढता आला. आजही पीईटी (बाटल्यांचं पॉलिएस्टर) किंवा नायलॉनचे दाणे मोल्डिंगआधी ड्रायरमध्ये वाळवतात ते याच कारणाने. वितळलेल्या मालात ओल असेल तर साखळ्या तुटतात आणि वस्तू ठिसूळ निघते. ड्रायर बंद ठेवून वीज वाचवणारे कारखानदार मी पाहिलेत. ते वीज वाचवतात आणि रिजेक्शन विकत घेतात.

परत आपल्या रेझिनकडे. मलेइक अनहायड्राइडमध्ये कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो आणि एस्टर होताना त्याला कुणी हात लावत नाही. तो तसाच साखळीत बसतो. (रिअ‍ॅक्टरच्या उष्णतेत मलेइकची रचना बदलून बरीचशी फ्युमॅरिक होते आणि ते बरंच असतं, कारण फ्युमॅरिकची स्टायरिनशी जास्त लवकर जुळते.) एका आखूड साखळीत असे साधारण चार-पाच दुहेरी बंध येतात. मग माल थंड करून स्टायरिनमध्ये विरघळवतात, एकूण वजनाच्या ३५ ते ४० टक्के स्टायरिन, आणि वाटेत जेल होऊ नये म्हणून हायड्रोक्विनोनसारखा इनहिबिटर, म्हणजे अभिक्रिया रोखून धरणारं रसायन, चिमूटभर टाकतात. पिंप भरून काकांकडे येतं.

म्हणजे पिंपात आखूड पॉलिएस्टर साखळ्या आहेत, त्यांच्या अंगावर दुहेरी बंध आहेत, भोवती मोकळं स्टायरिन आहे आणि पहाऱ्याला इनहिबिटर आहे. पाणी केव्हाच गेलंय.

वर्कशॉपमध्ये दोन बाटल्या असतात. एक जांभळ्या-निळ्या रंगाचं कोबाल्टचं द्रावण, दुसरं पाण्यासारखं दिसणारं हार्डनर, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मुळातच नाजूक. कोबाल्ट तो खोलीच्या तापमानालाच तोडतं आणि त्यातून मुक्त मूलक तयार होतात. आम्ही सरळ रॅडिकल म्हणतो. पेरॉक्साइड यात खर्च होतं. कोबाल्ट मात्र दोन अवस्थांमध्ये येरझारा घालत पुन्हा पुन्हा वापरात येतं, म्हणून ते थोडंसंच पुरतं.

सुरुवातीचे रॅडिकल इनहिबिटर खाऊन टाकतो. मगात दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाहीसं दिसतं ते त्यामुळे. इनहिबिटर संपला की रॅडिकल स्टायरिनच्या दुहेरी बंधावर झडप घालतो. बंध उघडतो, रॅडिकल नव्या टोकावर सरकतो, तिथून पुढचा रेणू पकडतो. वाटेत पॉलिएस्टरचा दुहेरी बंध आला तर त्यालाही गुंफून घेतो. प्रत्येक रेणू जसाच्या तसा सामावला जातो, काहीही बाहेर पडत नाही. हेच तुमच्या पुस्तकातलं समावेशन बहुवारिकीकरण.

इथे साखळी वाढते तीही अगदी वेगळ्या तऱ्हेने. फक्त रॅडिकल असलेलं टोकच वाढतं, बाकीचे रेणू वाट पाहत बसतात. नुसतं स्टायरिन असेल तर एक साखळी काही सेकंदांत सुरू होऊन शेकडो-हजारो कड्यांची होते आणि संपते. म्हणजे ५ टक्के अभिक्रिया झाली तेव्हाही लांब साखळ्या हजर असतात आणि ९५ टक्के मोनोमर तसाच असतो. वरच्या गणिताशी ताडून पाहा. तिथे ९५ टक्क्यांना वीस कड्या, इथे ५ टक्क्यांना हजार.

आणि आपल्या मगात नुसत्या साखळ्या होत नाहीत. प्रत्येक पॉलिएस्टर साखळी चार-पाच जागी स्टायरिनच्या पुलांनी शेजाऱ्यांशी बांधली जाते आणि सगळं मिळून एक जाळं होतं. ते थोड्याशाच अभिक्रियेत इतकं पसरतं की माल वाहायचा थांबतो. काडी बुडवून वर उचला. आधी तार येते, मग एका क्षणी तारेऐवजी लचका तुटून येतो. हाच जेल. त्या वेळी बहुतेक दुहेरी बंध अजून शिल्लक असतात. त्यानंतर रॅडिकलना हलायला जागा उरत नाही, दोन रॅडिकल एकमेकांना भिडून संपण्याचं प्रमाण घटतं, पण स्टायरिनचे छोटे रेणू मात्र अजून फिरत असतात. त्यामुळे वेग कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढतो. मग हाताला चटका बसेल इतका गरम होतो तो इथे.

किती गरम? स्टायरिनचा एक मोल, म्हणजे १०४ ग्रॅम, जोडला गेला की सुमारे ७० किलोज्यूल उष्णता सुटते. एक किलो रेझिनमध्ये ४०० ग्रॅम स्टायरिन धरा, म्हणजे २७० किलोज्यूलच्या आसपास. ही सगळी आतच कोंडली तर तापमान सव्वाशे-दीडशे अंशांनी चढू शकतं. स्टायरिन १४५ अंशांना उकळतं. जाड कास्टिंगमध्ये बुडबुडे आणि तडे का येतात, ते तुम्हीच जोडून पाहा. मॅट आणि रेझिनच्या पातळ थरातून, म्हणजे लॅमिनेटमधून, उष्णता निघून जाते, म्हणून तेच मिश्रण तिथे निमूट वागतं.

आता हार्डनर वाढवण्याबद्दल. नाही, जास्त हार्डनरने माल जास्त कडक होत नाही, लवकर कडक होतो. कडकपणा जाळं किती पूर्ण झालं यावर ठरतो. साध्या रॅडिकल अभिक्रियेत सुरुवात करणारं रसायन चौपट केलं तर वेग दुप्पट होतो आणि साखळी निम्मी होते. आपल्या जाळ्यात गणित इतकं स्वच्छ राहत नाही, पण दिशा तीच. शिवाय बाजारात मिळणारं हार्डनर शुद्ध पेरॉक्साइड नसतं. सुरक्षिततेसाठी ते थॅलेट प्लास्टिसायझरमध्ये पातळ केलेलं असतं, आणि ते प्लास्टिसायझर मालातच राहून त्याला मऊ करतं. उष्णता एकदम सुटून तडे जातात ते वेगळंच. उलट, हार्डनर फारच कमी टाकलं तर रॅडिकल मध्येच संपतात आणि स्टायरिन मोकळं राहतं. मग वस्तूला महिनाभर वास येत राहतो. नंतर वरून हार्डनर चोपडून ते भरून निघत नाही.

साधारण १ ते २ टक्के ही सुरक्षित पट्टी. पण नेमका आकडा मी इथून सांगणार नाही, कारण तो रेझिनवर, कोबाल्टच्या तीव्रतेवर, जाडीवर आणि त्या दिवशीच्या तापमानावर ठरतो. नागपूरच्या मे महिन्यातलं माप नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी चालत नाही. माझी पद्धत अशी: रोज काम सुरू करताना १०० ग्रॅमचा एक मग करायचा, जेल व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचं, आणि मगच दिवसाचं माप ठरवायचं. आणि हार्डनर काट्यावर किंवा मापाने घ्यायचं, बाटलीच्या बुचाने नाही. माल पुरता पिकला का, याची खात्री दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिटोनचा बोळा चोळून करता येते. पृष्ठभाग चिकट झाला तर कच्चा आहे. टाकीसारख्या वस्तूला नंतर ६० ते ८० अंशांना काही तास शेकलं तर उरलेलं स्टायरिनही बरंचसं जाळ्यात जातं.

एक गोष्ट काकांना माहीत असेलच, तरी तुम्ही पाठ करा: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही. स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट घोटून घ्यायचं, मग हार्डनर. दोघांसाठी माप एकच वापरायचं नाही. आणि हार्डनर ओतताना चष्मा हवाच. डोळ्यात एक थेंब उडाला तर कायमची इजा होऊ शकते.

चिकटपणाचा मुख्य गुन्हेगार हवेतला ऑक्सिजन. वाढत्या साखळीच्या टोकावरचा रॅडिकल स्टायरिनपेक्षा ऑक्सिजनला कितीतरी जास्त वेगाने पकडतो, आणि त्यातून होणारा पेरॉक्सी रॅडिकल इतका मंद असतो की साखळी तिथेच अडते. म्हणून साच्याला चिकटलेली बाजू कडक येते आणि हवेकडची चिकट राहते. (गंमत म्हणजे १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसीआय या कंपनीला पॉलिथीन सापडलं, ते उच्च दाबाखालच्या इथिलीनमध्ये ऑक्सिजनचा अंश शिरल्यामुळे. तिथे तापमान इतकं की ऑक्सिजनपासून झालेली पेरॉक्साइडं तुटून अभिक्रिया सुरू करून देतात. तापमान बदललं की तोच ऑक्सिजन पक्ष बदलतो.)

हा चिकटपणा सरसकट वाईट नाही. पुढचा थर द्यायचा असेल तेव्हा तो हवाच असतो, दोन थर त्यामुळे एकजीव होतात. फक्त शेवटच्या थरात मेण मिसळलेलं रेझिन वापरावं. मेण वर तरंगून हवा अडवतं. पण मेणाच्या थरावर पुन्हा काम करायचं असेल तर आधी घासून घ्यावं लागेल, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटेल.

पावसाळ्यात यात ओलीची भर पडते. ओल कोबाल्टचा जोर कमी करते. काचेची मॅट आणि टाल्कसारखे फिलर दमट होतात, त्यातलं पाणी रेझिनमध्ये येतं. हवाही जरा गार असते, म्हणजे अभिक्रिया आणखी रेंगाळते. अशा वेळी लोक हार्डनर वाढवतात. मी आधी मॅट आणि फिलर कोरडे करायला सांगतो. बंद खोलीत बल्ब लावून ठेवले तरी बराच फरक पडतो.

काकांकडे एपॉक्सीचं काम होत असेल तर हे सगळं तिथे लावू नका. एपॉक्सीचं हार्डनर नुसती सुरुवात करून देत नाही, ते स्वतः जाळ्याचा भाग होतं. ते हार्डनर बहुधा अमाइन असतं, आणि अमाइनचा नायट्रोजनवरचा प्रत्येक हायड्रोजन एकेका एपॉक्सी कड्याशी जुळतो. तिथे प्रमाण चुकलं तर कॅरोथर्स यांच्या गणिताप्रमाणे टोकं उघडी पडतात आणि माल रबरासारखा राहतो. डब्यावर लिहिलेलं प्रमाण तिथे जसंच्या तसं पाळायचं, उन्हाळा असो की हिवाळा.

आणि याच एपॉक्सीमुळे पुस्तकातली विभागणी अपुरी पडते. 'पाणी निघालं तर संघनन, नाही निघालं तर समावेशन' ही कसोटी कॅरोथर्स यांच्या काळातली, १९२९ ची. एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन होताना काहीच बाहेर पडत नाही, तरी साखळी मात्र पॉलिएस्टरसारखी टप्प्याटप्प्याने, कोणतंही टोक कोणत्याही टोकाला जोडत वाढते. म्हणून पुढे रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी काय बाहेर पडतं यापेक्षा साखळी कशी वाढते याला महत्त्व दिलं: टप्प्याटप्प्याने की रॅडिकलसारख्या एकाच क्रियाशील टोकावर. फ्लोरींना १९७४ चं नोबेल मिळालं. परीक्षेत प्रश्न आला तर पॉलिएस्टरपुढे 'संघनन' लिहाच, गुण त्याचेच आहेत. जागा उरली तर असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या, पॉलिएस्टरबद्दल एक ओळ जोडा: साखळी टप्प्याटप्प्याने, पाणी सोडून; जाळं रॅडिकलने, काहीही न सोडता.

चिकटपणाचं नेमकं निदान हवं असेल तर एवढं कळवा: रेझिन जनरल पर्पज आहे की आयसो (आयसोथॅलिक), कोबाल्ट किती टक्क्यांचं आहे, १०० ग्रॅमला हार्डनर किती घालता, १०० ग्रॅमचा मग किती मिनिटांत जेल होतो, आणि पिंपावर उत्पादनाची तारीख कोणती आहे. शेवटचं विसरू नका. इनहिबिटर असला तरी उन्हात ठेवलेलं रेझिन तीन-चार महिन्यांतही बिघडू शकतं.